रांगेतला होकार

१० जानेवारी १९५५

नोकरी पक्की झाली. मुकादम बुधाजी यांनी आज सकाळी अकरा वाजता तसे सांगितले आणि शेठच्या मुंबईच्या पेढीवरून आलेली चिठ्ठी पुढे केली. मुकादमांना वाचता येत नाही, म्हणून ती मीच त्यांना वाचून दाखवली. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, बरोबर आहे.

अलिबागच्या साप्ताहिकात एकोणीस वर्षे बातम्या लिहिल्यावर हात असाच चालतो. आधी ताजी गोष्ट, मग ती कोणी सांगितली, बाकीचे त्यानंतर. ही वही मी सोडून कोणी वाचणार नाही, तरी सवय सुटत नाही.

अलिबागहून एसटीने पनवेल, तिथून बैलगाडीने कामोठे, पुढे खाडीच्या बांधावरून पायी. ट्रंक जैतू नावाच्या कातकरी मजुराने डोक्यावर आणली. त्याची चार वर्षांची मुलगी साळू सगळी वाट आमच्या पुढे पळत होती आणि खेकडा दिसला की थांबून त्याला शिव्या देत होती. मिठागर पाहून जीव हरखला. चौकोनी वाफ्यांतून पाणी चमकते, कडेला पांढऱ्या राशी, मागे कर्नाळ्याचा सुळका. माझी खोली कौलारू आहे, तीच कचेरी. खिडकी अंगणावर उघडते.

जेवण सोनाबाई करतात. साठीच्या आहेत आणि तोंड सतत चालू. मी सुकटीची आमटी दोनदा मागून घेतली तेव्हा म्हणाल्या, “म्हेताजीला बोंबील चालतो, सुकट चालते, मंग बायकूच काय ती नाय चालली?” सगळे हसले. मीही हसलो. कारकुनाला इथे म्हेताजी म्हणतात.

साप्ताहिक का सोडले हे इथे कोणाला सांगितलेले नाही. मचवा उलटून नऊ माणसे गेली होती. मालकांनी बातमीत नऊचे दोन केले. मी राजीनामा दिला.

११ जानेवारी

आजची गोष्ट मी स्वतः पाहिली. कामाला हात लावण्याआधी सगळे अंगणात रांगेत उभे राहतात. मुकादम मिठाच्या राशीवर चढून आदल्या दिवशी काय झाले ते सांगतात. कोणत्या वाफ्यात पाणी सोडले, कोणता बांध लिंपला, कोण कामावर आले. शेवटी विचारतात, “हाय का नाय?” रांग एका आवाजात म्हणते, “हाय!” मग फावडी उचलायची.

याला ते होकार म्हणतात. बुधाजींच्या आजोबांपासून चालत आले आहे. प्रत्येकाचा आवाज लागतो. बाई असो, नवखा असो; पोरे तेवढी मोजत नाहीत. एक जरी गप्प राहिला तरी होकार धरत नाहीत.

मी रांगेत उभा राहिलो आणि “होय” म्हणालो. सोनाबाईंनी कोपर मारले. “होय तिकडं मामलेदाराला बोला. हितं हाय.”

काल घडले ते आज सगळ्यांसमोर बोलायचे आणि सगळ्यांनी मान्य करायचे. हे असे एखादे ठिकाण मी एकोणीस वर्षे शोधत होतो.

१३ जानेवारी

गणू आणि दाजी या मजुरांची दुपारी मारामारी झाली. मी स्वतः पाहिली. दाजीने फावड्याचा दांडा मारला, गणूचा डावा डोळा सुजून बंद झाला. दाजी गणूच्या बापाच्या नावाने काहीबाही बोलला होता. दोघे एकाच गावचे, गव्हाणचे, एकाच आळीतले. गणू म्हणतो की तो दाजीचे घर जाळणार. मुकादम शांत होते. म्हणाले, सकाळपर्यंत थांबा.

१४ जानेवारी

संक्रांत. होकार नेहमीप्रमाणे झाला, मी मोठ्याने साथ दिली. दुपारी गणू आणि दाजी यांनी एका पुडीतला तिळगूळ खाल्ला. मला विशेष वाटते ते हे, की इथे आल्यापासून एकही भांडण पाहिलेले नाही. साप्ताहिकात चार माणसे होती आणि चौघांत अबोला.

१८ जानेवारी

शेठ मुंबईहून आले. साधे, हसतमुख गृहस्थ आहेत. कचेरीत बसून मला म्हणाले की सरकारी कायद्यामुळे कारकून ठेवावा लागला, नाहीतर या आगराला कागदाची गरज कधी पडली नाही. इथे तक्रार नावाची गोष्टच नाही, सगळी एका घरची माणसे. तुम्हीही मिसळून राहा. मी म्हणालो, मिसळलोच आहे.

निघताना सोनाबाई आडव्या आल्या. प्यायचे पाणी विहिरीचे, मचूळ. मजुरांची पोटे बिघडतात, पनवेलहून गोड्या पाण्याची एक गाडी रोज हवी. शेठ म्हणाले, बघू. सोनाबाईंनी तांब्या पुढे केला. “शेठ, येवढं घोटभर पिऊन दावा. मंग मी जन्मात बोलनार नाय.” शेठ हसले, पाणी प्यायले नाहीत. मुकादमही हसले.

१९ जानेवारी

होकार आटोपला. वारा इतका होता की मुकादम काय बोलले ते मला नीट ऐकू आले नाही. सगळ्यांनी “हाय” म्हटले, मीही म्हटले.

स्वतःच्या हाताने भात शिजवण्याचा कंटाळा आला आहे. आल्या दिवसापासून तेच चालू आहे. एवढ्या माणसांसाठी आगराने एक स्वयंपाकीण ठेवायला काय हरकत आहे? मुकादमांना विचारले. ते म्हणाले, कधी ठेवली नाही.

कचेरीमागे एक चूल दिसली. राख अजून गरम होती. कोणाची ते कोणाला ठाऊक नाही. जैतूची बायको चिंधी म्हणाली, “ऱ्हाऊ द्या, मी घेते.”

२८ जानेवारी

रुजू झाल्याची तारीख सरकारी कागदात भरायची होती, म्हणून ही वही मागे चाळली.

सोनाबाई कोण?

अक्षर माझे, शाई माझी. या बाईने मला दोनदा आमटी वाढली, माझी थट्टा केली, शेठला तांब्या दिला. मला काही आठवत नाही. चेहरा नाही, आवाज नाही. मी पाच-सहा जणांना विचारले. गणू म्हणाला, “कोन सोनाबाय? म्हेताजी, उन्हात टोपी घालत जा.”

दुजोरा देणारा कोणी नाही.

१३ तारखेची नोंदही वाचली. ज्या डोळ्यावर दांडा बसला म्हणून मी लिहिले आहे, तो डोळा आज जवळून पाहिला. स्वच्छ आहे.

२ फेब्रुवारी

काल गणूचा पाय फावड्याने कापला. जखम मी स्वतः बांधली, हाड दिसत होते. आज रांगेत मुकादम म्हणाले, “काल कोनाचा पाय कापला नाय. हाय का नाय?”

मी तोंड उघडले नाही. खात्री करून घ्यायची होती.

त्यानंतर गणूचा पाय पाहिला. जखम नाही, व्रणही नाही. पण तो मिठावरून चालत गेला तेव्हा मागे रक्ताची पावले उमटत गेली. पांढऱ्यावर तांबडी, एकाच पायाची. गणूला ती दिसत नव्हती. मुकादम राशीवर उभे राहून आधी त्या पावलांकडे आणि मग रांगेतल्या एकेका तोंडाकडे बघत राहिले.

५ फेब्रुवारी, सकाळी साडेसहा

मुकादम तीन दिवस तेच वाक्य बोलत आहेत. मी तीन दिवस गप्प आहे. गणू पांढराफटक पडला आहे. अंगावर ओरखडा नाही आणि अंगातले रक्त चालले आहे. काल वाफ्यात कोसळला. त्याने दाजीला विचारले, “मला काय झायलंय रं?” दाजीला सांगता येईना.

काल मुकादम कचेरीत आले. रागावले नाहीत. म्हणाले की होकार अर्धा राहिला की माणूस अर्ध्यात लोंबकळतो. ना धड झाले, ना धड नाही झाले. मी विचारले, सोनाबाई कोण होत्या? ते म्हणाले, “मला काय म्हाईत? मी पन हायच बोललो आसन ना.”

आज मी हाय म्हणणार आहे. म्हटल्यावर विसरेन, म्हणून आधी लिहून ठेवतो.

५ फेब्रुवारी, दुपार

वरचे आता वाचले. मला यातले काही आठवत नाही. गणू ठणठणीत आहे, गाणे म्हणत बांध लिंपतो आहे. अक्षर माझे आहे.

यापुढे रोज होकाराआधी वही वाचायची. मुकादमांचे वाक्य पूर्ण ऐकल्याशिवाय तोंड उघडायचे नाही.

१९ फेब्रुवारी

जैतू गेला. सगळ्यांनी पाहिले, मीही पाहिले.

खाडीचे पाणी आत घेण्याच्या दाराला इथे उघाडी म्हणतात. तिची फळी अडकली होती. ओहोटीपर्यंत थांबायला हवे होते. पण शेठचे मचवे उद्या मीठ भरायला लागणार, वाफे रिकामे दिसता कामा नयेत, म्हणून मुकादमांनी भरतीच्या पाण्यात जैतूला उतरवले. तो म्हणाला, “दादा, पानी वढतंय.” मुकादम म्हणाले, वढू दे. फळी सुटली आणि त्याच्या छातीवर बसली. हात बराच वेळ पाण्याबाहेर होता. आम्ही सहा जण ओढत होतो. मग हात ढिला पडला.

प्रेत अंगणाकडेच्या उघड्या छपराखाली ठेवले आहे. साळू बापाच्या पायाशी बसून त्याच्या अंगठ्यावरचा चिखल काढत होती. चिंधीने जमिनीवर कपाळ आपटून घेतले. दोघींनी धरली तरी आवरेना. मुकादम तिच्याजवळ बसले आणि हळू आवाजात म्हणाले, “सकाळपातूर कळ काढ, बाय. सकाळी हाय बोललीस का दुखायचं ऱ्हाईल.”

मी पोलिसांत जातो म्हणालो. मुकादम म्हणाले, उद्या जा.

२० फेब्रुवारी

“काल उघाडीत कोन उतरला नाय. जैतू नावाचा मानूस आपल्याकडं कदी नव्हताच. हाय का नाय?”

सगळे म्हणाले, हाय. चिंधी शेवटी म्हणाली. कपाळ फुटलेले, डोळे मुकादमांवर लावलेले. म्हटल्यावर तिने मोठा श्वास सोडला, एखादे ओझे खाली ठेवावे तसा.

मी म्हणालो नाही.

छपरात प्रेत नाही. जमिनीवर माणसाच्या आकाराची ओल आहे. ऊन लागते तरी वाळत नाही.

दहा वाजता जैतू कामावर आला. उघाडीजवळ उभा राहिला. डोक्यापासून पाणी निथळत होते आणि छाती मधोमध खाली बसलेली होती. लोक त्याला चुकवून जात होते, वाटेत दगड असावा तसे, न बघता. त्याने माझ्याकडे पाहिले. बोलायला तोंड उघडले तेव्हा आतून फक्त खाडीचे पाणी आले.

साळू धावत गेली आणि त्याच्या पायाला बिलगली. तिचा परकर भिजला.

२२ फेब्रुवारी

पनवेलला जाऊन हवालदार आणला. त्याने अंगणात सगळ्यांना विचारले. जैतू नावाचा कोणी? नाय. बाई, तुझा नवरा? चिंधी लाजून हसली. म्हणाली, “माजं लगीनच झालं नाय, सायेब.” हवालदाराने मला विचारले, काय पिता?

तो हे विचारत होता तेव्हा जैतू त्याच्या पाठीशी उभा होता. हवालदाराच्या बुटांभोवती पाणी साचले. त्याने खाली पाहिले, पाय झटकले आणि निघून गेला.

चिंधी पुढे जे म्हणाली ते लिहायला हवे. साळूकडे बोट दाखवून तिने मला विचारले, “कोनाची पोर हाय ती? सारखी माज्या मागं मागं येते.”

२४ फेब्रुवारी

साळू विटते आहे. धुऊन धुऊन लुगड्याचा रंग जातो तशी. उन्हात तिची सावली पातळ पडते. आज ती मिठाच्या राशीसमोर उभी होती आणि तिच्या अंगातून मला मीठ दिसले.

हिशेब सरळ आहे. जैतू कधी नव्हताच, तर जैतूची मुलगी कुठून येणार? माझा एक होकार राहिला आहे म्हणून ती अजून आहे.

मुकादम कचेरीत आले. म्हणाले की चिंधी नीट जेवत नाही. हात आपोआप दोन जादा भाकऱ्या थापतात आणि मग ती त्यांच्याकडे बघत बसते. छातीत कळ येते, कशाची ते तिला कळत नाही. हे मी करतो आहे. “तुमचं खरं तुमालाच खाऊ द्या की, म्हेताजी. तिला कशापायी खाऊ घालता?”

मी साळूचे विचारले. ती दारातच बसली होती. मुकादम दाराकडे बघून म्हणाले, “कोन साळू?”

ते खोटे बोलत नव्हते. मी एकोणीस वर्षे खोटे बोलणारी माणसे पाहिली आहेत. या माणसाच्या तोंडावर तसे काही नव्हते.

२६ फेब्रुवारी

इथून निघून जावे असे दहा वेळा मनात आले. पण रांग रोज भरते. मी रांगेत नसलो की गप्प राहणारा कोणी उरत नाही. ज्या दिवशी मी चुकेन त्या दिवशी ती पोर संपली.

ताप आहे. तरी उभा राहिलो. गणूने हाताला धरून उभे केले. चांगली माणसे आहेत ही. सगळी चांगली माणसे आहेत. दाजीने ताडी आणून दिली आणि म्हणाला, “एक डाव हाय बोला नि मोकळं व्हा. आमी बगा, काय दुखतं का आमाला?”

नाही दुखत. ते खरे आहे.

२७ फेब्रुवारी

जैतू आता रांगेत उभा राहतो. माझ्या शेजारी. मुकादम विचारतात तेव्हा तोही तोंड उघडतो. पाणी येते. माझी चप्पल भिजते.

मला वाटले होते, तो माझे आभार मानत असेल. आज त्याने माझे मनगट धरले. थंड, आणि पकड — आज मी त्याचा चेहरा नीट पाहिला. तो विनवतो आहे. त्याची छाती अजून दाबली जाते आहे. सकाळी आणि दुपारी आणि आताही. आठ दिवस तो त्या फळीखाली आहे.

मी हाय म्हणालो तर तो सुटेल.

मी त्याला साळू दाखवली. बोट दाखवले. तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने मनगट सोडले. उघाडीकडे गेला.

१ मार्च

शेठ येऊन गेले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की माणूस हुशार आहे, पण आपल्या घरात रुळला नाही. होते असे. मग मुकादमांशी बाहेर बोलले. फार वेळ नाही.

साळूचा आवाज गेला. ओठ हलतात. खेकड्याला शिव्या देते आहे एवढे कळते.

२ मार्च, सकाळ

रांगेला जायला निघालो तर दाराला बाहेरून कडी. खिडकीला गज आहेत. मुकादम राशीवरून म्हणाले की म्हेताजी आजारी आहेत, पडून राहू द्या. रांगेबाहेरचा आवाज धरत नाहीत. मी “नाय” म्हणून ओरडलो. कोणी मान वळवली नाही.

वाटले, संपले. पण आज होकार घेतलाच नाही. जैतूचे नावसुद्धा काढले नाही. मुकादम म्हणाले, उद्या मोठा होकार आहे, शेठ स्वतः येणार.

गणू खिडकीशी आला. त्याला विचारले, उद्या काय बोलणार? त्याने सांगितले. त्याला त्यात काही वावगे वाटत नव्हते.

“आपल्याकडं म्हेताजी कदी आलाच नाय.”

एवढेच. मी आलोच नाही, तर गप्प कोण राहिले? जैतूचा होकार आपोआप पुरा. साळू —

२ मार्च, दुपार

चिंधी भाकरी द्यायला आली. खिडकीतून तिला वही वाचून दाखवली. १० जानेवारी. १९ फेब्रुवारी. दोनदा वाचली. तिने भाकरी हातात तशीच धरली होती.

आधी हसली. मग म्हणाली, असं लिवलंय? खरं लिवलंय?

मी म्हणालो, मी पाहिले. तुझा नवरा. तुझी पोर. तुझ्या पायाशी आहे, खाली बघ.

तिने खाली हात नेला. चाचपडत. हात साळूच्या डोक्यावर टेकला आणि तिथे थांबला.  मग ती अशी ओरडली की वाफ्यातले बगळे उडाले. तिचे सगळे दुखणे परत आले — उघाडी, हात, छप्पर, सगळे एकदम — मी आणले.

तिला म्हणालो, उद्या एकच शब्द. नाय. तू रांगेत आहेस. तुझा आवाज धरावा लागेल.

ती भिंतीला डोके टेकून बसली. म्हणाली, “कुटवर बोलू नाय? रोज?”

मी म्हणालो, रोज.

ती म्हणाली, “ह्ये असंच दुखनार? रोज?”

 एकोणीस वर्षांत पहिल्यांदा वाटले की इथे खोटे बोलावे. जमले नाही. म्हणालो, हो.

३ मार्च, सकाळी सात

रांग भरली. शेठ खुर्चीवर. मुकादम चढले. मी खिडकीतून बघून लिहितो आहे.

चिंधी शेवटी. साळूचा हात तिच्या हातात. तिला रात्रभर आठवत होते — डोळ्यांवरून कळते. कपाळ पुन्हा फोडून घेतलेले. जैतू तिच्यामागे, ती बघत नाही.

मुकादम तिच्याजवळ वाकून काही बोलले. काय ते इथवर आले नाही. काय ते मला ठाऊक आहे.

वाक्य बोलले. जसे गणूने सांगितले तसेच.

हाय. दाजी. हाय. गणू — माझ्याकडे बघून हसला आणि हाय. आज एकेक विचारत आहेत, शेठ मोजत आहेत —

शाई फिकी येते आहे. दौत भरलेली आहे. बोट — लेखणी बोटांतून दिसते —

हाय. हाय. आता फक्त ती.

मी ओरडलो. चिंधी. चिंधी, खाली बघ.

बघितले तिने. साळूकडे. मग माझ्याकडे.  मुकादम थांबले आहेत, कोणी घाई करत नाही, सगळे तिच्याकडे मायेने बघत आहेत —

तिने साळूचा हात सोडला.

अजून बोललेली नाही. श्वास घेतला. आता ती म्हणणार —